शनिवारी दुपारी तीन वाजता

स्वीडनला जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी पहिली सूचना: शनिवारी दुपारी तीननंतर तिथे वाइनची बाटली विकत मिळत नाही. रविवारी तर नाहीच नाही. सोमवारी सकाळी दुकान उघडेपर्यंत गप्प बसायचं, किंवा हॉटेलात जाऊन तिप्पट पैसे मोजायचे. वाइनच्या देशांत आठवडाभर राहून, सकाळी अकराला शेजारच्या टेबलावर ग्लास बघत बघत वर आलेल्या माणसाला हा धक्काच असतो. "युरोप ना हा?" असा प्रश्न ऐकलाय मी, आणि तोही चांगल्या वाचत्या माणसांकडून!

आधी नियम सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांचा वेळ वाया जायला नको.

किराणा दुकानात साडेतीन टक्क्यांपर्यंतची बिअर मिळते, अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांना. त्याहून कडक असलेलं काहीही घरी न्यायचं तर एकच दुकान, सिस्टेमबोलागेट. सरकारी मालकीचं. एक कोटीहून थोड्या जास्त लोकसंख्येच्या देशात त्याच्या सुमारे साडेचारशे शाखा. तिथे वयाची अट वीस वर्षांची, आणि तुम्ही पंचविशीच्या आतले दिसलात तर ओळखपत्र मागणारच, त्यात अपमान मानू नये. बारमध्ये मात्र अठरा वर्षं पुरतात. म्हणजे एकोणीस वर्षांचा भाचा हॉटेलात बसून व्हिस्की पिऊ शकतो, पण दुकानातून बिअरचा डबा आणू शकत नाही. काकांनी त्याच्यासाठी घेतोय असा संशय आला तर काउंटरवरची बाई काकांनाही नाही म्हणू शकते. आणि गाडी चालवायची असेल तर थेंबही नको, रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.२ प्रति हजार इतकी खाली आहे.

दुकानात शिरलात तर आणखी एक गंमत. बिअर थंड मिळत नाही. 'दोनावर एक फुकट' नाही, सेल नाही. बाकी सगळं आहे. जगभरच्या वाइन्स, नीट लावलेली शेल्फं, अगदी मन लावून माहिती देणारे कर्मचारी. विकण्याची घाई तेवढी कुणालाच नाही. दुकानदाराला तुमच्या खिशात हात घालायची इच्छाच नसावी, असं दुकान मी दुसरं ऐकलेलं नाही.

यावरून कुणाला वाटेल की हा देश सोवळ्यातला असणार. तर तसंही नाही. ॲब्सोल्यूट व्होडका यांचीच. जूनमधल्या मिडसमरला आणि ऑगस्टमधल्या क्रेफिशच्या मेजवान्यांना (क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला शेवंडीचा धाकटा भाऊ समजा) हे लोक शहाजिऱ्याच्या वासाच्या अक्वाविटचे छोटे छोटे पेले गाणी म्हणत रिचवतात. प्रत्येक पेल्याला गाणं! मग या उत्साही मंडळींनी स्वतःच्या बाटलीला हे सरकारी कुलूप का लावून घेतलं? तेही कुणी राजाने लादलं म्हणून नाही, मतं देऊन, वाद घालून, शंभर-दीडशे वर्षं घोळवून. मला त्या गोष्टीत रस आहे.

सुरुवात बटाट्यापासून करावी लागेल. एवा एकेब्लाड नावाच्या एका सरदार घराण्यातल्या बाईंनी १७४६ साली बटाट्यापासून पीठ आणि दारू करण्याची रीत शोधली. १७४८ मध्ये स्वीडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने त्यांना सदस्य करून घेतलं, त्या संस्थेतल्या त्या पहिल्या स्त्री. धान्याचा दुष्काळ असताना माणसांच्या तोंडचा घास भट्टीत जातो, तो वाचावा, हा या शोधाचा एक मोठा फायदा. झालं मात्र असं की पुढच्या काही पिढ्यांत बटाटा देशभर पसरला आणि त्याबरोबर भट्टीही. 'ब्रेन्विन' म्हणजे त्यांची ती कडक पांढरी दारू, धान्याची नाहीतर बटाट्याची. गुस्ताव तिसऱ्या राजाने १७७५ मध्ये गाळण्याचा हक्क सरकारकडे घेऊन तिजोरी भरायचा प्रयत्न केला, पण शेतकऱ्यांनी तो मनापासून कधी मानला नाही आणि शेवटी घरगुती भट्ट्या परत आल्या. १८३०च्या आसपास तीसेक लाख लोकसंख्येच्या या देशात दीड लाखाहून जास्त भट्ट्या होत्या. म्हणजे बायका-मुलं धरून वीस माणसांमागे एक! शेतावरच्या गड्याला मजुरीचा काही भाग दारूतच मिळे. सकाळी कामाआधी एक घोट, जेवताना एक, दिवस मावळताना एक. गडी झिंगलेला, मालक खूश, आणि घरी पोहोचायला हवे ते पैसे गड्याच्याच पोटात गेलेले.

याविरुद्ध पहिला आवाज चर्चमधून उठला. पेटर वीसेलग्रेन नावाचा पाद्री गावोगाव बोलत फिरला, १८३७ मध्ये राष्ट्रीय पातळीवरची मद्यपानविरोधी संस्था निघाली. अखेर १८५५ च्या कायद्याने घरगुती गाळपाचे दिवस भरले, आणि १८६०पर्यंत त्या भट्ट्या पूर्ण बंद झाल्या. दारू आता कारखान्यात होऊ लागली, तिच्यावर कर बसला.

इथपर्यंतची गोष्ट अनेक देशांत थोड्याफार फरकाने सापडते. पुढची मात्र खास त्यांची.

फालून हे तांब्याच्या खाणीचं गाव. तिथल्या काही प्रतिष्ठितांनी १८५० मध्ये असा विचार केला की दारू माणसं पितात ती तहानेपोटी, पण *जास्त* पितात ती बऱ्याचदा कुणीतरी पाजतो म्हणून. गुत्तेवाल्याचं पोट गिऱ्हाइकाच्या पुढच्या पेल्यावर अवलंबून असतं, तो "पुरे आता, घरी जा" का म्हणेल? तेव्हा विक्रीचा धंदा एका कंपनीकडे द्यायचा, आणि नफा गावच्या कामाला. १८६५ मध्ये गॉथेनबर्ग शहराने हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर उचलली. भागधारकांना ठरावीक व्याज, त्यापुढचा सगळा पैसा सार्वजनिक कामासाठी. बारमधल्या माणसाला जेवण विकून कमाई करायला मुभा, पण दारू जास्त खपवून त्याला दमडीचा फायदा नाही. 'गॉथेनबर्ग पद्धत' म्हणून ही इतकी गाजली की ब्रिटनमध्ये जोसेफ चेंबरलेनने तिची बाजू मांडली, आणि स्कॉटलंडमधल्या कोळसाखाणींच्या गावांत 'गॉथ' नावाचे पब निघाले. त्यातले काही त्याच नावाने पुढेही टिकले.

कल्पना मोठी सुंदर आहे. दारू चांगली की वाईट हा न संपणारा वाद त्यांनी बाजूला ठेवला आणि विकणाऱ्याला विकण्यात काय मिळतं एवढंच बघितलं.

अर्थात पैशाला कुठूनतरी फट सापडतेच. नफा नगरपालिकेला मिळू लागल्यावर नगरपालिकेलाच त्याची सवय लागली. रस्ते, बागा, शाळा यांना दारूचा पैसा येतोय म्हटल्यावर लोकांनी कमी प्यावं असं कुणाला मनापासून वाटणार? दुसरीकडे एल. ओ. स्मिथ नावाचा एक पठ्ठ्या होता. स्टॉकहोममधल्या मक्तेदारीला त्याने उघड आव्हान दिलं. शहराच्या हद्दीबाहेर बेटावर दुकान थाटलं आणि गिऱ्हाइकांना न्यायला फुकट बोट ठेवली! १८७९ मध्ये त्याने जास्त शुद्ध केलेली दारू 'ॲब्सोल्यूट रेन्ट ब्रेन्विन', म्हणजे 'पूर्णपणे शुद्ध ब्रेन्विन' या नावाने आणली. बरोब्बर शंभर वर्षांनी, १९७९ मध्ये, सरकारी मद्यकंपनीने तेच नाव घेऊन ॲब्सोल्यूट व्होडका परदेशात उतरवली. मक्तेदारीशी भांडलेल्या माणसाचा वारसा मक्तेदारीनेच विकला. (२००८ मध्ये सरकारने तो ब्रँड एका फ्रेंच कंपनीला विकून टाकला, ते वेगळं.)

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दारूबंदीची चळवळ स्वीडनमध्ये प्रचंड वाढली. कामगार संघटना, चर्चची माणसं, स्त्रिया सगळ्यांनी ती उचलून धरली. १९०९ च्या मोठ्या संपात सरकारने कडक दारूची विक्री काही काळ बंदच ठेवली आणि लोकांनी बघितलं, की अरे, शहर तर शांत आहे. त्याच वर्षी चळवळीने स्वतःच एक लोकमत घेतलं, सुमारे १९ लाख लोकांनी पूर्ण बंदीच्या बाजूने कौल दिला. बंदी आता येणारच असं वातावरण होतं.

तेव्हा इवान ब्राट हा डॉक्टर पुढे आला. त्याचं म्हणणं असं की बंदी आणाल तर चोरटी दारू येईल, बंदी नाही आणलीत तर माणसं मरतील. म्हणून प्रत्येक माणसाकडे *वेगळं* बघा. १९१४ मध्ये स्टॉकहोमला त्याची पद्धत सुरू झाली, पुढे सगळ्या देशात. कडक दारू घ्यायची तर 'मोतबोक' नावाची एक पुस्तिका हवी. दारूचं रेशनकार्डच म्हणा ना! नेमून दिलेल्या एकाच दुकानात जायचं, पुस्तिका दाखवायची, सही जुळवायची, नोंद करून घ्यायची. महिन्याचा कोटा ठरलेला, पुढे तो जास्तीत जास्त तीन लिटर झाला.

'परमिट रूम' अशा पाट्या वाचत मोठे झालेल्या आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण आपल्याकडचं परमिट आणि ब्राटचं पुस्तक यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. आपलं परमिट बहुतेकांच्या लेखी कायद्याच्या पुस्तकातच राहिलं. ब्राटची माणसं खरोखर चौकशी करत. कर भरलाय का? कमाई किती? दारू पिऊन पोलिसांत कधी नाव आलंय का? त्यावर तीन लिटर, एक लिटर, की काहीच नाही ते ठरे. बंगल्यात राहणाऱ्या साहेबाचा कोटा पूर्ण, गोदीतल्या हमालाचा अर्धामुर्धा. लग्न झालेल्या बाईला पुस्तिका नाहीच, नवऱ्याच्या नावावर आहे ना! एकट्या बाईला मिळाली तर अगदी थोडी. हॉटेलातही बाईचं माप पुरुषाच्या निम्मं.

या भागाशी मी अडखळतो. दारूचं व्यसन कमी करायला निघालेली चांगली माणसं, आणि त्यांच्या हातात कोण सज्जन कोण नाही हे लिहिलेली कार्डं. एखाद्या हमालाने रविवारी एक पेला घ्यावा की नाही हे त्याच्या कराच्या पावतीवरून ठरवायचं? उलट बाजूही तेवढीच खरी. त्या वर्षांत कडक दारूचा खप खूप खाली आला, रस्त्यावरची झिंग ओसरली. आता याचं काय करायचं?

तशात २७ ऑगस्ट १९२२ हा दिवस आला. पूर्ण दारूबंदी हवी की नको, यावर देशाचं पहिलं सार्वमत. स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळून तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. विशेष म्हणजे स्त्रियांची आणि पुरुषांची मतं वेगवेगळी मोजली गेली. चित्रकार आल्बेर्ट एन्गस्त्रोम याचं बंदीविरोधी पोस्टर अजून छापलं जातं: समोर लाल क्रेफिश, पेले, आणि संतापलेला माणूस बोट दाखवतोय. दारूबंदी आली तर क्रेफिशलाही मुकाल असा सगळा आविर्भाव! सार्वमतही नेमकं क्रेफिशच्या मोसमात. निकाल लागला तो ५१ टक्के 'नको' आणि ४९ टक्के 'हवी'. अठरा लाख मतांत छत्तीस हजारांचा फरक. आणि वेगवेगळं मोजल्यामुळे हेही कळलं की पुरुषांपैकी दहातल्या सहांनी 'नको' म्हटलं, आणि बायकांपैकी जवळजवळ तितक्याच प्रमाणात 'हवी'.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसलो होतो. एकाच घरात, एकाच टेबलाशी जेवणारी माणसं, आणि मत असं मधोमध चिरलेलं. आपल्याकडे गावातलं दारू दुकान बंद करायला बायका मतदानाला उतरतात, कागदावर उभी बाटली आणि आडवी बाटली असते, आणि त्या रांगेतल्या बायकांचे चेहरे ज्यांनी बघितलेत त्यांना या आकड्यांचं भाषांतर करून सांगायला नको. आमची आत्या १९२२ मध्ये तिथे असती तर तिने कुठे शिक्का मारला असता, हे हा ब्लॉग वाचणाऱ्या घरच्यांना मी सांगायची गरज नाही. ती क्रेफिशचा विचार करत बसली नसती.

शेजारच्या फिनलंडने १९१९ मध्ये पूर्ण बंदी आणली होती. समुद्रमार्गे चोरट्या दारूचा पूर आला आणि १९३२ मध्ये त्यांनी ती उठवली. त्यामुळे स्वीडनचं बरोबर, असं म्हणायचा मोह होतो. पण ज्या ४९ टक्क्यांनी बंदी मागितली ते मूर्ख नव्हते. घरात काय चाललंय ते त्यांना जास्त ठाऊक होतं.

ब्राटच्या काळातली एक रीत प्रवाशांना अजून ऐकवतात. हॉटेलात कडक दारू हवी तर सोबत जेवण मागवणं सक्तीचं होतं. मग काय, एकच सँडविच, कुणीही न खाता, दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचं म्हणे. कायदा आणि माणूस यांच्यातली ही जुगलबंदी कुठेही सारखीच.

१ ऑक्टोबर १९५५ ला मोतबोक रद्द झाली. गावोगावच्या कंपन्या एकत्र करून एकच सिस्टेमबोलागेट झालं. पहिल्या महिन्यांत लोक इतके प्यायले की सरकारला भाव चढवावे लागले. माणसामागची पाळत गेली आणि तिच्या जागी किंमत आली. १९६५ मध्ये मध्यम कडक बिअर किराणा दुकानात ठेवून बघितली, पण ती शाळकरी पोरांच्या हाती लागली आणि १९७७ मध्ये ते थांबवलं. शनिवारी दुकानं १९८२ पासून बंद ठेवली, २००१ मध्ये पुन्हा देशभर उघडली, दुपारी तीनपर्यंत. १९९५ मध्ये स्वीडन युरोपीय संघात गेला तेव्हा आयात, उत्पादन आणि घाऊक विक्रीची मक्तेदारी सोडावी लागली. किरकोळ दुकानाची मात्र १९९७ मध्ये युरोपच्या न्यायालयाने मान्य केली, कारण त्या दुकानात देशी-परदेशी असा भेदभाव नव्हता. १ जून २०२५ पासून छोट्या उत्पादकांना आपल्या आवारात, पैसे देऊन माहिती घ्यायला आलेल्या पाहुण्यांना थोडी दारू विकता येते. तेही प्रयोगादाखल. त्यावरचा वाद वीसेक वर्षं चालला होता!

या इतिहासाच्या खुणा तुम्हाला तिथल्या रीतीभातीत दिसतील. कुणाच्या घरी पार्टीला गेलात तर तरुण मंडळी आपापलं पेय पिशवीतून घेऊन येतात आणि आपलंच पितात. आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, पाहुण्याने स्वतःची बाटली आणायची? पण दारू महाग आहे, आणि यजमानावर भार टाकू नये हा त्यांचा शिष्टाचार. रीतसर जेवणाला मात्र यजमान 'स्कोल' म्हणेपर्यंत पेल्याला हात लावू नये. स्कोल म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, घोट घ्यायचा, पुन्हा बघायचं, मग पेला खाली. शुक्रवारी संध्याकाळी सिस्टेमबोलागेटपुढे रांग दिसेल. मिडसमरच्या आदल्या दिवशी, म्हणजे ज्या शुक्रवारी खरा सण असतो त्या दिवशी, दुकान बंद, तेव्हा गुरुवारीच जा. आणि स्टॉकहोमहून हेलसिंकीला जाणारी मोठी जहाजं ओलांद बेटांवर का थांबतात माहितेय? ती बेटं युरोपीय संघाच्या करक्षेत्राबाहेर आहेत, तिथे टेकून गेलं की जहाजावर करमुक्त बाटल्या विकता येतात. एल. ओ. स्मिथची फुकट बोट आठवते ना?

यातून निष्कर्ष काय, असं कुणी प्रतिक्रियेत विचारेलच. मला एवढंच वाटतं की दारूवर बोलताना आपण पिणाऱ्याकडे बोट दाखवतो, नाहीतर थेट बाटलीकडे. विकणारा मधल्यामध्ये सुटतो. फालूनच्या त्या लोकांनी १८५० मध्ये त्याच्याकडे बघितलं, आणि आज जनमत चाचण्यांत बहुसंख्य स्वीडिश लोक त्या कंटाळवाण्या सरकारी दुकानाच्या बाजूने आहेत, तक्रारी करत करत का होईना. मोतबोकचा अन्यायही त्याच घरातला, तो झाकू नये. गरिबाला आणि बाईला वेगळं माप लावलं की चांगल्या हेतूचंही काय होतं, ते तिथे चाळीस वर्षं चाललेलं आहे. आत्याला त्या पुस्तिकेने मदत झाली असती का? झालीही असती. नवऱ्याचा कोटा कुणीतरी कमी केला असता. पण तिला विचारून नाही.

असो. जाणाऱ्यांनी शुक्रवारीच काय ते घेऊन ठेवा, पासपोर्ट बरोबर ठेवा, आणि बिअर स्वतः फ्रीजमध्ये ठेवायची आहे हे विसरू नका. तीन वाजता दार बंद करणाऱ्या बाईवर चिडूही नका. ते दार बंद ठेवायचं की उघडायचं यावर त्यांची आजी आणि आजोबा वेगवेगळी मतं देऊन आले होते.